मेंदूतले तांबे, जस्त आणि लोखंड

दादीजान जोहरची नमाज पढून उठतात आणि थोड्याच वेळात विचारतात, "जोहरची अजान झाली का?" एखाद्या दिवशी असे झाले तर घरात हसणे होते. पण रोजच होऊ लागले, ओळखीची गल्ली चुकू लागली, नातवाचे नाव आठवेना, की सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, जर्मनची भांडी काढून टाका. कोणी तांब्यात रात्रभर ठेवलेले पाणी पाजायला सांगते, कोणी जस्ताच्या गोळ्या, तर कोणी कुश्ता. या सगळ्या सल्ल्यांत धातू आहे. म्हणून धातूंचा आणि अल्झायमरचा खरा संबंध काय, ते या वेळी पाहू.

१९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी मरण पावलेल्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्याचे सांगितले : पेशींबाहेर गुठळ्या आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. गुठळ्या अमायलॉइड बीटा या प्रथिनाच्या आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे पुष्कळ वर्षांनी समजले. पुढे त्या गुठळ्यांत तांबे, जस्त आणि लोखंडही साठलेले आढळले.

हे धातू म्हणजे बाहेरून आलेले विष नव्हे. लोखंडाशिवाय रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, तांब्याशिवाय पेशीला ऊर्जा तयार करता येत नाही आणि मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा जस्त लागते. निरोगी शरीरात बहुतेक धातू कुठल्या ना कुठल्या प्रथिनाने धरून ठेवलेले असतात. ही पकड सुटली की विद्युतभार असलेले धातूचे कण, म्हणजे आयन, नको तिथे चिकटतात. अमायलॉइड बीटा ही सुमारे ४० अमिनो आम्लांची माळ आहे. तिच्यात ६, १३ आणि १४ या जागांवर हिस्टिडीन नावाचा मणी असतो. तांबे आणि जस्त प्रामुख्याने तिथे बसतात. जस्त मिसळले की या माळा भराभर एकमेकींना चिकटतात, हे १९९४ साली प्रयोगशाळेत दिसले. तांबे आणि लोखंड पेशींना इजा करणारी द्रव्येही तयार करतात.

मग धातू काढून घेतले तर? तेही करून पाहिले आहे. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरात लोखंड साठते. ते बाहेर काढणारी डेफेरिप्रोन ही गोळी १९९० च्या दशकात भारतात सिप्लाने आणली. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेली हीच ती कंपनी. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ही गोळी अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांना वर्षभर दिली. २०२४ मध्ये निकाल आला : मेंदूतले लोखंड कमी झाले, पण रुग्णांची विचारशक्ती गोळी न घेणाऱ्यांपेक्षा लवकर खालावली.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे घडले, तर घरच्या घरी धातू वाढवणे किंवा कमी करणे किती जोखमीचे आहे, ते लक्षात येईल. तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय जस्त, लोह किंवा कुश्ता देऊ नका. जर्मनच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, हे सिद्ध झालेले नाही. तांब्याच्या देगेला कलई मात्र हवीच, पण तिचे कारण वेगळे आहे : आंबट पदार्थात तांबे उतरले तर उलट्या होतात.

खरी घाई तपासणीची करा. ब जीवनसत्त्व १२ ची कमतरता, थायरॉईड, उदासीनता, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर इलाज आहे. वर्धा जिल्ह्यात सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. जाताना विसरणे कधीपासून सुरू झाले हे सांगू शकणारे घरचे माणूस सोबत असू द्या. चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घ्या, आणि हकीमसाहेबांनी दिलेली पुडीही लपवू नका.