स्थूलतेवर फळांचे अर्क : दावे आणि पुरावे

देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्यांचे प्रमाण तर जवळपास ४० टक्के आढळले. एवढ्या मोठ्या रुग्णसंख्येभोवती औषधांच्या जोडीने उष्ण कटिबंधातील फळांच्या अर्कांचीही समांतर बाजारपेठ उभी राहिली आहे. तिचे दावे मात्र पुराव्यांच्या बरेच पुढे धावत आहेत.

याचे बोलके उदाहरण म्हणजे गार्सिनिया कंबोजिया. केरळमध्ये माशांच्या कालवणात घातली जाणारी ही कुडमपुळी कोकणातील कोकमाच्याच कुळातील आहे. तिच्यातील प्रमुख आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असल्याचे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील वाय. एस. लुईस आणि एस. नीलकांतन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. शरीरात साखरेपासून चरबी तयार करणाऱ्या एका विकराला हे आम्ल अटकाव करते, असे पुढे आढळले. उंदरांवरील प्रयोगांत वजनवाढ रोखली गेली आणि त्याच बळावर पाश्चात्त्य देशांत या अर्काच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या.

तथापि, १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीने या दाव्याला हादरा दिला. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने, तर निव्वळ दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोने घटले. दोन्ही गटांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. वजन घटले ते दोन्ही गटांना दिलेल्या मोजक्या आहारामुळे. याचे एक कारण शरीरशास्त्रात शोधता येते. नेहमीच्या आहारातील पिष्टमय पदार्थांपासून मानवी शरीरात नवी चरबी फारच थोडी तयार होते. जी वाट मुळात अरुंद आहे, ती अडवून फारसे काही साधत नाही.

प्रश्न केवळ निष्फळतेचा असता तर तो खिशापुरता राहिला असता. अमेरिकेतील यकृत-इजांची नोंद ठेवणाऱ्या वैद्यकीय गटाने २००४ ते २०१८ या काळात गार्सिनियायुक्त उत्पादनांशी निगडित २२ रुग्णांची नोंद केली. त्यांतील अनेकांनी हिरव्या चहाच्या अर्काशी मिश्रण केलेली उत्पादने घेतली होती, हे खरे. परंतु कालवणातील दोन-चार फोडी आणि रोज घेतलेला संहत अर्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विसरता येत नाही.

सर्वच फळांचे दावे पोकळ आहेत, असे नव्हे. आंध्र प्रदेशात मधुमेहाच्या ४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ३० ग्रॅम कच्च्या फणसाचे पीठ दिले गेले. बारा आठवड्यांत रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारा निर्देशांक तुलनेने थोडा, पण निश्चितपणे उतरला. येथे पीठ भात वा गव्हाच्या काही भागाऐवजी खाल्ले गेले होते, औषधाऐवजी नव्हे. जांभळाच्या बियांच्या चूर्णाला परंपरेचा आधार मोठा आहे, पण व्यापक व दीर्घ मुदतीच्या मानवी चाचण्यांचे पाठबळ त्याला अद्याप लाभलेले नाही.

कायद्यात तरतुदींची वाण नाही. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा असून त्याच्या परिशिष्टात मधुमेह आणि स्थूलता या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांनाही रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. म्हणून वेष्टनावर 'बरा करते' असे न छापता 'साखरेचे संतुलन राखण्यास साहाय्यक' असे छापले जाते. शब्द नियमात बसतो, आणि ग्राहकाला हवा तो अर्थही पोहोचतो. अशा आश्वासनावर विसंबून डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करणाऱ्या रुग्णाच्या मूत्रपिंडावर आणि दृष्टिपटलावर वाढलेल्या साखरेचा परिणाम होत राहतो, आणि तो बहुधा लक्षात येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.