ट्रॅव्हल टीमची एवढी घाई कशाला?

आमच्या इथे न्यू जर्सीत मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला, बेसबॉल बऱ्यापैकी खेळायला लागला, की मराठी घरांतही एक प्रश्न हमखास निघतो: "याला ट्रॅव्हल टीममध्ये घालायचं का?" आमचा लेक पाचव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत खेळला, त्यामुळे हा प्रश्न अधूनमधून माझ्याकडे येतो. माझं मत आधीच सांगून टाकते. बारा वर्षांपर्यंत गावातली लीग पुरे. उगाच घाई नको.

भारतातल्या वाचकांसाठी (म्हणजे मुख्यतः माझ्या मावश्या आणि आत्या :-)) थोडी माहिती. लिटल लीग 1939 मध्ये पेनसिल्वेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली. कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने लहान मुलांना झेपेल असं मैदान आखलं. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधलं अंतर 90 फूट असतं, इथे 60. मोठा पिचर 60 फूट 6 इंचांवरून चेंडू टाकतो, इथला 46 फुटांवरून. मुलं गावातलीच, कोच म्हणजे कुणाचे तरी बाबा. ट्रॅव्हल टीमचं तसं नाही. तिथे मुलं निवडून घेतात, शनिवार-रविवारी दूरच्या गावी स्पर्धा असतात, आणि फी, हॉटेल, पेट्रोल हा सगळा खर्च आपला.

गावच्या लीगमधला मला सर्वांत आवडलेला नियम म्हणजे प्रत्येकाला खेळवायलाच लागतं. किमान एकदा बॅटिंग आणि समोरच्या टीमचे सहा जण आऊट होईपर्यंत फिल्डिंग. मग पोरगं कितीही कच्चं असो. लेकाच्या टीममध्ये एक मुलगा होता. राईट फिल्डला उभा राहून गवत उपटायचा. तिसऱ्या वर्षी त्याने एक उंच उडालेला चेंडू पकडला, तेव्हा समोरच्या टीमचे आईबापसुद्धा टाळ्या वाजवत होते. माझ्या सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या. "अगं, याला एवढं काय?" असं विचारून त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. निवडीच्या टीममध्ये हा मुलगा पहिल्याच दिवशी घरी गेला असता. आणि आमच्या लेकाला, जो त्या मानाने बरा खेळायचा, कच्च्या गड्याला सांभाळून घेणं कुठे शिकता आलं असतं?

दुसरं म्हणजे बेसबॉल हा हरण्याचाच खेळ आहे. दहापैकी तीनदा हिट मारणारा मोठ्या लीगमध्येही उत्तम बॅट्समन समजतात. 1941 मध्ये टेड विल्यम्सची सरासरी .406 होती, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण सीझनभर कुणालाच .400 गाठता आलेली नाही. म्हणजे लहान मुलाला बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं, तेही सगळ्यांच्या देखत. एका मॅचला आमचा लेक तीनदा स्ट्राइक आऊट झाला. कोच व्यवसायाने प्लंबर. त्यांनी हेल्मेटवर टपली मारली आणि पुढच्याला पाठवलं. झालं! रात्री पोराने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तेच जर वर्षाला काही हजार डॉलर भरून, चार तास गाडी चालवून झालं असतं, तर आम्ही दोघं गाडीत इतके गप्प राहिलो असतो का? मला शंका आहे. पैसे भरले की आपण हिशेब मागायला लागतो, आणि तो मागतो नऊ वर्षांच्या पोराकडे.

तिसरा मुद्दा हाताचा, आणि हा गंभीर आहे. 2007 पासून लिटल लीगमध्ये पिचरने दिवसात टाकायच्या चेंडूंवर मर्यादा आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला 75, अकरा-बाराला 85. 66 च्या पुढे गेलात तर चार दिवस विश्रांती. हे एका लीगपुरतं ठीक. पण मूल दोन टीममधून खेळत असेल तर एकत्र हिशेब कोण ठेवणार? आईबापांनीच ठेवायला हवा, आणि बरेच जण ठेवत नाहीत. लेकाच्या बरोबरीचा एक चांगला पिचर अकराव्या वर्षीच कोपर धरून बसला. वाढत्या हाडावर ताण आला होता. एक सीझन चेंडूला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तो नंतर खेळात परतलाच नाही. अमेरिकेतल्या बेसबॉल संस्थांच्या 2014 च्या 'पिच स्मार्ट' शिफारशींतही नऊ ते बारा वयाच्या मुलांनी वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद ठेवावं असं म्हटलंय. बारा महिने स्पर्धा ठेवल्या तर हे चार महिने आणायचे कुठून?

"पण मूल खरंच गुणी असेल तर?" हा प्रश्न रास्त आहे. काही मुलांना गावातली लीग खरोखर अपुरी पडते, त्यांना तोडीस तोड खेळणारे हवे असतात. पण तेराव्या वर्षाच्या सुमारास मैदान मोठं होतं, उंची वाढते, आणि नवव्या वर्षीचे निम्मे हिरो मागे पडतात. खरी निवड तेव्हाच सुरू होते. आणि कॉलेज स्कॉलरशिपचं गणित मांडणाऱ्यांसाठी: 2025 मध्ये नियम बदलेपर्यंत पहिल्या श्रेणीच्या कॉलेजच्या अख्ख्या टीमला मिळून 11.7 स्कॉलरशिप असायच्या, त्याही तुकडे करून वाटलेल्या. आता तो आकडा गेला, पण टीममधल्या जागा मोजक्याच आहेत. त्या आशेवर नऊ वर्षांच्या मुलाचे शनिवार-रविवार गहाण टाकू नयेत.

आमच्या लेकाने चौदाव्या वर्षी स्वतःहून खेळ सोडला. हात शाबूत होता आणि खेळावरचा राग नव्हता. अजून सुट्टीत घरी आला की जुने मित्र गोळा करून मैदानावर जातो, त्यात तो गवत उपटणाराही असतो. एवढं हाताशी लागलं तर मी त्याला यश म्हणते. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.