निकालाचे पेढे
१ मे. झेंडावंदन उरकतं, प्रगतिपुस्तकं हातात पडतात आणि बाईंच्या टेबलावर पेढ्यांचे पुडे चढत जातात. एवढे पेढे घरी नेऊन त्या करणार काय? आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर यंदा प्रत्येकी दोनशे रुपये काढून बाईंना घड्याळ द्यायचं घाटत होतं. मला ते पटलं नाही. ज्याला दोनशे जड जातात, तो गटावर गप्प राहतो आणि निकालाच्या दिवशी पोराला घेऊन मागे उभा राहतो. ५ सप्टेंबरला गुलाबाचं फूल देऊन आपण मोकळे होतो खरे, पण जूनमध्ये शाळा सुरू झालेली, आभार नेमके कशाचे मानायचे हे तेव्हा कुठं कळलेलं असतं? म्हणून लेकीला शेजारी बसवून ५० पैशांच्या पोस्टकार्डावर लिहिलं: दिवाळीपर्यंत ‘ळ’ उलटा काढणारी ही मुलगी आता एसटीत बसल्याबसल्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचते, लोक वळून बघतात. लेकीनं खाली स्वतःचं वाक्य घातलं, ‘बाई तुम्ही दुसरीला पण या.’ त्यातलं ‘दुसरीला’ दोनदा खोडलेलं. बाईंनी कार्ड वाचलं, पर्समध्ये ठेवलं आणि पेढ्यांचा एक पुडा तिच्याच हातात दिला.