शिकलेली नव्हती, पण...

दादी नव्वदी ओलांडून गेली. आधारवर १ जानेवारी होती. खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्या वर्षी तिचं लग्न झालं, एवढाच हिशेब.

भेटायला आलेला जो तो म्हणाला, 'शिकलेली नव्हती, पण किती शहाणी!' या कौतुकाचा मला राग येतो. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग काढलं, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथंच दादी शाळेत गेली नाही. तिचे भाऊ गेले. तिला कुरआन वाचायला शिकवलं, तेवढं पुरे मानलं. त्यामुळे ती अरबी अक्षरं सरसर वाचायची आणि केएमटीची पाटी मात्र शेजारणीला विचारायची. तिला शाळा महाराजांनी नाकारली नव्हती, आपल्याच घरानं नाकारली. शहाणपणाचं कौतुक करताना हे कुणी बोलत नाही.

बी.एड. झाल्यावर मी तिच्या हातात पाटी दिली. आठवड्याभरात ती मराठीत नाव लिहू लागली. मग पाटीकडे बघत म्हणाली, 'इत्ता सोपा था क्या ये?'