अल्बिनोनीचा नसलेला अदाजिओ

पाश्चात्त्य अभिजात संगीताशी ज्यांचा फारसा परिचय नाही, त्यांच्याही कानांवरून ‘अल्बिनोनीचा अदाजिओ’ कधी ना कधी गेलेला असतो. ऑर्गनचे संथ, जड पाऊल आणि त्यावर हळूहळू चढत जाणारा व्हायोलिनांचा विलाप. ऑर्सन वेल्सने काफ्काच्या ‘द ट्रायल’वरील चित्रपटात (१९६२) ही रचना वापरली, पीटर विअरने ‘गॅलिपोली’त (१९८१) वापरली आणि ‘मँचेस्टर बाय द सी’मध्ये (२०१६) ती पुन्हा ऐकू आली. शोकसभांतून तर ती सर्रास वाजते. ती मनाचा पिच्छा सोडत नाही, हे आम्हांस मान्य आहे. आमचा वाद त्या रचनेशी नाही. तिच्याबरोबर जी गोष्ट सांगितली जाते, आणि ती गोष्ट ज्या बेफिकिरीने अध्यापक व आस्वादक मंडळी पुढे सरकवतात, तिच्याशी आहे.

गोष्ट अशी. तोमासो अल्बिनोनी (१६७१–१७५१) हा व्हेनिसचा संगीतकार. ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात त्याच्या एका सोनाटाचे हस्तलिखित होते. १९४५च्या फेब्रुवारीत त्या शहरावर बाँबवर्षाव झाला आणि सारे भस्मसात झाले. उरला एक तुकडा : खालच्या स्वरांची, आकडे घातलेली एक ओळ आणि वरच्या सुरावटीचे काही खंड. रेमो जाझोत्तो या इटालियन संगीत-अभ्यासकाच्या हाती तो लागला. त्याने त्यावरून संपूर्ण रचना पुन्हा उभी केली आणि १९५८ साली मिलानच्या रिकोर्दी या प्रकाशनसंस्थेने ती छापली. राखेतून उठलेले संगीत! वर्गात सांगायला याहून सोयीची गोष्ट कोणती?

अडचण एवढीच की, ग्रंथालयाच्या संग्रहात असा तुकडा असल्याचा पुरावा नाही. १९९० साली ग्रंथालयानेच तसे कळवले. ‘सारे जळाले’ हेही अर्धसत्यच. इमारत उद्ध्वस्त झाली, नुकसान मोठे झाले, पण मौल्यवान हस्तलिखितांपैकी पुष्कळशी आधीच हलवलेली होती; विवाल्दीची हस्तलिखिते आजही ड्रेस्डेनमध्ये आहेत. जाझोत्तोने हयातीत तो तुकडा अभ्यासकांपुढे ठेवला नाही. १९९८मध्ये तो वारल्यानंतर त्याच्या कागदपत्रांत एक नक्कल सापडली : खालच्या स्वरांची ओळ, पहिल्या व्हायोलिनची जेमतेम सहा मात्राखंडांची सुरावट आणि ड्रेस्डेनचा निर्देश करणारा शिक्का. पण ही नक्कल आधुनिक हातची आहे. मूळ कागद कोणी पाहिलेला नाही. बरे, ती खरी मानली तरी काय सिद्ध होते? सहा मात्राखंड आणि एक आधारओळ अल्बिनोनीची. बाकीची रचना, तिची चढण, तिचा कढ, ऑर्गन आणि तंतुवाद्यांची ती सगळी मांडणी जाझोत्तोची.

गंमत म्हणजे मूळ छापील प्रत याबाबतीत पुष्कळच प्रामाणिक होती. तिच्यावर कर्ता म्हणून जाझोत्तोचे नाव आहे. अल्बिनोनीच्या दोन सुरावटींवर आणि एका आकडेयुक्त आधारओळीवर रचलेली, एवढाच अल्बिनोनीचा उल्लेख. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर जागा अपुरी पडली की विक्री पुरी पडेना, कोण जाणे, पण जाझोत्तो गळला आणि अल्बिनोनी उरला. स्वामित्वहक्क मात्र जाझोत्तोकडेच राहिला. अठराव्या शतकातल्या मृत संगीतकाराला मानधन द्यावे लागत नाही, विसाव्या शतकातल्याला द्यावे लागते. व्यवहाराला ‘कर्ता कोण’ हे नेमके ठाऊक होते, रसिकांना तेवढे नव्हते.

यावर आमचे काही सहव्यवसायी रोलाँ बार्तला पुढे करतात. कर्ता मेलेला आहे, संहिता तेवढी उरते, मग रचना कोणाची याने काय फरक पडतो? फरक पडत नसेल तर ती जाझोत्तोच्या नावाने ऐकवून पाहावी. तसे कोणी करीत नाही, कारण मग ड्रेस्डेनची राख हातून निसटते. कर्त्याचे नाव नको, पण त्या नावाभोवतीची दंतकथा मात्र हवी, ही सैद्धान्तिक भूमिका नव्हे. ही सवलत आहे.

दुसरा बचाव अधिक देशी आणि म्हणून अधिक विचारार्ह. आपल्याकडे ‘नामा’ या मुद्रिकेखाली विष्णुदास नाम्याची पदेही नामदेवांच्या गाथेत मिसळली; म्हणून वारकऱ्यांचे काही अडले काय? अडले नाही. पण अभ्यासकांचे अडले, आणि अडलेच पाहिजे. एकनाथांना ज्ञानेश्वरीबद्दल कमी भक्ती होती म्हणून त्यांनी शके १५०६ मध्ये तिची संहिता शुद्ध केली नाही. भक्ती होती म्हणूनच केली. शिवाय मुद्रिका ही परंपरेत सामील होण्याची खूण असते. जाझोत्तोने तसे म्हटले नव्हते. त्याने ग्रंथालयाचे नाव घेतले, म्हणजे पुराव्याचे वचन दिले. पुराव्याच्या भाषेत केलेला दावा पुराव्यानेच तपासावा लागतो. मॅकफरसनच्या ‘ऑसियन’ला हाच न्याय लावला गेला, आणि आपल्या जुन्या चालीच्या रचना पूर्वसूरींच्या नावांवर खपवल्याचे फ्रिट्झ क्राइसलरने १९३५ साली कबूल केले तेव्हा समीक्षकांनी त्यालाही हाच न्याय लावला.

साराजेवोचे काय, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. २७ मे १९९२ रोजी पावाच्या रांगेवर तोफगोळा पडून वीसहून अधिक माणसे मेली, आणि तिथल्या ऑपेरातला चेलोवादक वेद्रान स्माइलोविच त्यानंतरच्या दिवसांत त्या जागी बसून हीच रचना वाजवत राहिला. स्टीव्हन गॅलवेने २००८च्या आपल्या कादंबरीत या प्रसंगाला ड्रेस्डेनची गोष्ट जोडली : जे एकदा राखेतून उठले ते पुन्हा उठेल. स्वतः स्माइलोविचने त्या कादंबरीवर जाहीर आक्षेप घेतला, हे तिचे गुणगान करणारे क्वचितच सांगतात. त्या रस्त्यावरच्या वादनाला ड्रेस्डेनच्या प्रशस्तिपत्राची गरज होती असे मानणे हा त्या माणसाच्या धैर्याचाच अधिक्षेप होय. त्याने ते सूर वाजवले ते तोफांच्या टप्प्यात बसून. ते १७०८ सालचे होते की १९५८चे, याने त्या कृतीचे मोल रतीभरही बदलत नाही. मग खोटी वंशावळ जोडायची कशासाठी?

या गोष्टीचा खरा बळी अल्बिनोनी आहे. पन्नासच्या वर ऑपेरा लिहिणारा, स्वतःला हौशी म्हणवणारा, ज्याच्या सुरावटींवर तरुण बाखने फ्यूग रचले असा हा संगीतकार जगाला ठाऊक आहे तो त्याने न लिहिलेल्या रचनेमुळे. मायकेल टॅलबटसारख्या अभ्यासकाने त्याच्यावर आयुष्यातली वर्षे घालवली. पण ग्रंथाला वेष्टनाइतके वाचक कुठले?

वर्गात ही रचना ऐकवायला आमची हरकत नाही. फळ्यावर ‘रेमो जाझोत्तो, १९५८’ असे लिहावे आणि तास संपण्यापूर्वी १७२२च्या नवव्या संचातल्या दुसऱ्या कंचेर्तोचा संथ भाग लावावा. एकटा ओबो, खाली तंतुवाद्यांची शांत हालचाल. कुठे कढ नाही, हुंदका नाही. तो अल्बिनोनी.