थट्टा आणि थाप

‘शोले’ या १९७५ सालच्या चित्रपटात भोपाळ शहराचे दोन अंश एकत्र आले. त्यांपैकी एक म्हणजे त्या शहरात शाळा शिकलेल्या व पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून अभिनयाचे धडे घेऊन बाहेर पडलेल्या जया भादुरी; त्यांनी रंगविलेली विधवा राधा चित्रपटात क्वचितच तोंड उघडते. दुसरा अंश म्हणजे जगदीप यांचा तोंडाळ, बढाईखोर सुरमा भोपाली. पटकथाकारांपैकी जावेद अख्तर हे भोपाळच्या सैफिया कॉलेजचे विद्यार्थी. तेथील बोलीची ढब त्यांनी या पात्राच्या तोंडी घातली. ही नक्कल इतकी लोकप्रिय झाली की, १९८८ साली जगदीप यांनी त्याच नावाचा स्वतंत्र चित्रपट काढला. एका शहराच्या बोलण्याची थट्टा त्या शहराचे भूषण होऊन बसली.

काळाचा महिमा असा की, त्या चित्रपटातील मूक राधा आज स्वतःच नकलेचा विषय झाली आहे. छायाचित्रकारांवर खेकसणाऱ्या, सभागृहात सभापतींशी वाद घालणाऱ्या जया बच्चन यांची नक्कल विनोदी कार्यक्रमांतून आणि मोबाइलच्या पडद्यावर सर्रास होते. राजकारण्यांसाठी ‘गुस्ताखी माफ’च्या बाहुल्या आणि ‘सो सॉरी’ची हलती व्यंगचित्रे होतीच, आता नटनट्याही त्याच रांगेत आल्या आहेत. प्रश्न असा की, या थट्टेला मर्यादा कोठे घालावयाची आणि ती घालावयाची कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकन विनोदी अभिनेत्री कॅरोल बर्नेट यांच्या दोन दाव्यांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. एका साप्ताहिकाने १९७६ साली, त्यांनी उपाहारगृहात मद्यपान करून गोंधळ घातल्याचे सूचित करणारा मजकूर छापला. बाईंनी दावा लावला आणि १९८१ साली त्या जिंकल्या. पुढे २००६ साली ‘फॅमिली गाय’ या दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिकेने बर्नेट यांनी अजरामर केलेल्या झाडूवालीच्या पात्राला अश्लील वस्तूंच्या दुकानात फरशी पुसावयास लावले. बाईंनी वीस लाख डॉलरची भरपाई मागितली. परंतु २००७ साली कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयाने, हे विडंबन आहे व विडंबनाला कायद्याचे संरक्षण आहे असे ठरवून त्यांचा दावा फेटाळला. ज्या बाईंनी आपल्या कार्यक्रमातून गाजलेल्या चित्रपटांची यथेच्छ टर उडविली, त्यांना स्वतःची टर मात्र सोसवली नाही, यातील विसंगती डोळ्यांत भरण्यासारखी आहे.

बाई त्याच, एकदा जिंकल्या, एकदा हरल्या. या दोन निकालांमधील भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पहिल्या प्रसंगी घडले ते असे की, न घडलेली गोष्ट घडली म्हणून वाचकांच्या गळी उतरविण्यात आली. दुसऱ्या प्रसंगी कोणाचीही फसवणूक झाली नाही. रंगविलेली बाहुली ती बाहुलीच आहे, हे लहान मुलालाही कळत होते. पहिली थाप होती, दुसरी थट्टा. थट्टा कितीही बोचरी असली तरी आपला मुखवटा उघडपणे मिरविते. थाप मात्र मुखवट्यालाच चेहरा म्हणून खपविते.

कोकणगोमंतकाच्या रसिकाला हा भेद नवा नाही. दशावताराच्या प्रारंभी येणारा संकासुर गावच्या मानकऱ्यांनाही चिमटे काढतो आणि ज्याला चिमटा बसतो तोही हसतो. कारण सोंग हे सोंग म्हणूनच आलेले असते. आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मधून रविकिरण मंडळाच्या कवींची जी खिल्ली उडविली, तिने मराठी काव्याचे नुकसान न होता उलट त्याला शिस्तच लागली. जया बच्चन यांनी २००८ साली मुंबईतील एका समारंभात, आपण उत्तर प्रदेशचे म्हणून हिंदीतच बोलणार, अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले आणि अमिताभ बच्चन यांना क्षमा मागावी लागली. अशा जाहीर वक्तव्याची टिंगल होणे हे लोकशाहीचेच लक्षण होय. लोकप्रतिनिधीने तेवढे सोसलेच पाहिजे.

परंतु याच थट्टेच्या नावाखाली आणखी दोन प्रकार खपविले जातात. एक म्हणजे माणसाच्या कृतीऐवजी देहाला केलेले लक्ष्य. अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी यांच्या सावळ्या वर्णावरून २०१६ साली एका वाहिनीवरील विनोदी कार्यक्रमात जे काही बोलले गेले, त्यात त्यांच्या कृतीवर टीका कोठे होती? त्या कार्यक्रम सोडून निघून गेल्या, ते योग्यच झाले. वृद्ध स्त्रीच्या रागावर हसणे निराळे आणि तिच्या वार्धक्यावर हसणे निराळे. दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आता कोणाचाही चेहरा, कोणाचाही आवाज हुबेहूब घडविता येतो. ऐश्वर्या राय बच्चन यांना अशाच बनावट चित्रांविरुद्ध २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले. येथे व्यंगचित्र नाही, सोंग नाही. ही निव्वळ थाप आहे, आणि तिचा सर्वाधिक जाच स्त्रियांनाच होतो.

आपल्या न्यायालयांनी हा तोल बऱ्याच अंशी सांभाळला आहे. दलेर मेहंदी यांच्या गाणाऱ्या बाहुल्यांच्या प्रकरणात २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण व्यंगचित्र व विडंबन यांना त्या निर्बंधातून वगळावयास हवे, हेही नमूद केले. जॅकी श्रॉफ यांना २०२४ साली संरक्षण देतानाही एका विनोदी चित्रफितीवर तात्काळ बंदी घालण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. नामवंतांना संरक्षण हवे ते फसवणुकीपासून, हास्यापासून नव्हे.

तेव्हा कायदा करावयाचा असेल तर तो थापेविरुद्ध व्हावा. बनावट चित्रफितीवर ती बनावट असल्याची ठळक मुद्रा असावी, ती करणाऱ्यास जबाबदार धरावे आणि तक्रार येताच ती हटविली जावी. हा आधार नामवंतांइतकाच सामान्य स्त्रीलाही मिळावा. तिच्याजवळ उच्च न्यायालयात जाण्याइतका पैसा नसतो. थट्टेचा न्याय मात्र प्रेक्षकांवर सोडावा. संकासुराला कोर्टात खेचणारे गाव हसणे विसरते. पण संकासुराचे सोंग घेऊन घर फोडणाऱ्याला जे गाव मोकळे सोडते, ते शहाणे म्हणता येणार नाही.