राखणदाराची वेळ

उपवर मुलीसाठी स्थळे पाहावीत तसा हल्ली मध्यमवर्गीय गृहस्थ आपल्या संगणकासाठी राखणदार पाहतो. जो भेटतो तो एक नाव सुचवतो. आमच्या स्टाफरूममधल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या मते फुकटचा राखणदार हा चोराचाच मेव्हणा! इतिहासवाल्यांनी तर एकावर भरवसा नको म्हणून दोन ठेवले आहेत. गंमत अशी, की ते दोघे चोराला सोडून एकमेकांच्याच मानगुटीला धरतात आणि यंत्र बैलगाडीच्या चालीने चालते.

आमच्या संगणकात एवढे जपण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. प्रश्नपत्रिका आहेत, त्या चोरीला गेल्या तर विद्यार्थी दुवाच देतील. पण एका कप्प्यात माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. अखेरची दोन वर्षे ती अंथरुणावर पडल्या पडल्या आठवेल तशा म्हणे आणि मी मुद्रित करून घेई. मध्येच थांबून "पुढचं उद्या आठवेल रे" म्हणते, तेही त्यात आहे. २०२१ साली ती गेली. तेव्हा या बाबतीत मी जरा हळवा आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू रचला, त्यात आपली नावे, पत्ता आणि टेलिफोन नंबरही घातला होता! हल्लीचे चोर इतके सज्जन उरले नाहीत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने जगभरातल्या दोन लाखांहून अधिक संगणकांतली कागदपत्रे कुलूपबंद केली आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर मागितले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पाठवले होते. ते लावायचे ज्यांचे राहून गेले, बहुतेक तेच सापडले. राखणदार कितीही मिशाळ असला, तरी मोडकी खिडकी आपणच दुरुस्त करावी लागते.

निवडीच्या बाबतीत मी स्टाफरूमपेक्षा जर्मनीतल्या 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातल्या 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज' या परीक्षकांचे ऐकतो. ते राखणदारांवर खरे विषाणू सोडून गुण देतात, आणि निरपराध्याला चोर ठरवले तर तेही नोंदवतात. (आमच्याकडे पर्यवेक्षकांची अशी परीक्षा घ्यावी, असे मला फार वाटते.) विंडोजबरोबर येणारा 'डिफेंडर' तेथे अलीकडे चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतो, म्हणून मी त्यालाच ठेवले. पुण्याच्या काटकर बंधूंचा 'क्विक हील' कोणी घेतला तर मी नावे ठेवणार नाही. पहाऱ्यावर एकच असावा म्हणजे झाले.

निवडीचा एवढा काथ्याकूट होतो. पण या राखणदाराने घराची झडती केव्हा घ्यायची, हे कोणीच विचारीत नाही! यंत्र बसवायला आलेल्या मुलाने पूर्ण झडतीची वेळ रात्री दोनची लावून दिली. "सर, तेव्हा कोणी काम करत नाही." खरेच होते. पण आमच्याकडे रात्री दहाला सौ. भिंतीवरचे बटण बंद करते. राखणदार बिचारा अंधारात झोपलेला! काही राखणदार अशी चुकलेली झडती सकाळी भरून काढतात, म्हणजे नेमकी कन्येच्या क्लासच्या वेळी.

अखेर वेळ सौ.नेच ठरवली. रविवारी दुपारी जेवणे आटोपली, की मी वामकुक्षीसाठी आडवा होतो. "अहो, तुम्ही घोरत असता तेव्हा फिरू दे की त्याला घरभर!" पूर्ण झडती त्या वेळी, रोजची धावती झडती रात्रीच्या बातम्यांच्या वेळी. तेव्हापासून कन्येची तक्रार नाही.

झडती निर्विघ्न संपली, की बाहेरची हार्डडिस्क जोडायची, ओव्यांची प्रत उतरवायची आणि ती लगेच काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली, तर कुलूप घालणारा तिलाही कुलूप घालतो. प्रत नीट उतरली की नाही, हे पाहण्यासाठी एखादे मुद्रण लावून ऐकावे लागते. काम दोन मिनिटांचे आहे. आमच्या घरी त्याला अर्धा तास लागतो.